प्रस्तावना : मी बसलो ती खुर्ची

"मी बसलो ती खुर्ची डुगडुगत होती." या वाक्यात मराठी कानाला खटकेल असे काही नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात, हडपसरच्या नव्या सोसायटीत किंवा पौड रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ते सारख्याच सहजपणे बोलले जाते. तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की पुष्कळ मराठी विद्यार्थी 'द चेअर आय सॅट वॉज शेकी' असे लिहितात. तपासणारा शिक्षक 'सॅट'च्या पुढे लाल शाईने 'ऑन' घालतो, अर्धा गुण कापतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. 'ऑन' बरोबरच आहे. पण तो तिथे का हवा, आणि हुशार मुलाच्या हातूनही तो नेमका तिथेच का गळतो, हे त्या लाल शाईतून कळत नाही. मुलगा समजतो की आपली प्रिपोझिशन्स कच्ची आहेत. 'आय सॅट ऑन द चेअर' हे वाक्य मात्र तोच मुलगा डोळे मिटून बरोबर लिहितो. म्हणजे 'वर'ला 'ऑन' म्हणतात हे त्याला ठाऊक आहे. त्याची चूक रिलेटिव्ह क्लॉजच्या रचनेत झाली आहे, आणि ती त्याने केली कारण त्याला मराठी उत्तम येते. हे म्हणणे विचित्र वाटेल, पण पुढची सगळी पाने त्याच्याच आधारावर उभी आहेत. म्हणून ते इथे पुराव्यानिशी मांडणे भाग आहे.

एखाद्या वस्तूबद्दल सांगायचे ते एका विशेषणात मावत नाही तेव्हा आपण तिला आख्खे वाक्य जोडतो. 'लाल सायकल' म्हणायला एक शब्द पुरतो. 'तू परवा दुरुस्तीला टाकलीस ती सायकल' म्हणायला कर्ता, क्रियापद, वेळ सगळे लागते. मराठी व्याकरणात याला विशेषणवाक्य म्हणतात, इंग्रजीच्या तासाला रिलेटिव्ह क्लॉज. शाळेत हा विषय 'हू' किंवा 'विच' वापरून दोन वाक्ये जोडण्याच्या प्रश्नापुरता येतो, त्यामुळे तो परीक्षेचा विषय आहे अशी समजूत होते. खरे पाहता रोजच्या इंग्रजीचे पानही त्याच्यावाचून हलत नाही. हिंजवडीच्या एखाद्या कार्यालयात दिवसभर कानावर पडणारे इंग्रजी आठवावे : 'द फाइल यू सेंट', 'द इश्यू वी डिस्कस्ड येस्टरडे', 'समवन आय नो', 'द डे आय जॉइन्ड', 'ऑल आय वॉन्ट'. या पाचही तुकड्यांत रिलेटिव्ह क्लॉज आहे आणि एकातही 'हू' किंवा 'विच' नाही. जो हा विषय 'हू' आणि 'विच'च्या खुणेवरून ओळखायला शिकला, त्याच्या हातून बोलण्यातला हा मोठा भाग निसटतो. ऐकताना अर्थ लागतो, पण स्वतः बोलायची वेळ आली की वाक्य तयार होत नाही, आणि मग तो एका वाक्याची दोन वाक्ये करून वेळ निभावून नेतो.

मराठीत हेच काम तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा जोडीची : 'जी सायकल तू दुरुस्तीला टाकलीस, ती अजून आली नाही.' दुसरी तऱ्हा या जोडीतला 'जो' गाळून 'तो' ठेवण्याची : 'तू दुरुस्तीला टाकलीस ती सायकल अजून आली नाही.' तिसरी धातुसाधित विशेषणाची : 'तू दुरुस्तीला टाकलेली सायकल.' तिसऱ्या तऱ्हेची ताकद पुण्यात शिकवावी लागत नाही, ती फाटकांवर लिहिलेली असते. 'फाटकासमोर वाहन लावणाऱ्याच्या चाकांतील हवा सोडण्यात येईल' या धाटणीच्या पाटीत 'लावणाऱ्याच्या' हा एक शब्द म्हणजे एक पूर्ण विशेषणवाक्य आहे. जो कोणी इथे वाहन लावील, त्याच्या. इंग्रजीत हे सांगायला 'एनीवन हू पार्क्स इन फ्रंट ऑफ द गेट' इतके आठ शब्द खर्ची पडतात. पुणेरी पाटीचा जो नेमकेपणा लोकांना आवडतो, त्यातला बराच वाटा या 'णारा'चा आहे असे मला मनापासून वाटते.

तीन तऱ्हांतली मुळातली तऱ्हा जोडीची, आणि ती नीट न्याहाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठी सर्वनामांची आणि अव्ययांची एक मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती दिसतच नाही. कोण, कसा, केव्हा, कुठे, किती ही 'क'ची ओळ प्रश्न विचारते. जो, जसा, जेव्हा, जिथे, जितका ही 'ज'ची ओळ दोरा सोडते. तो, तसा, तेव्हा, तिथे, तितका ही 'त'ची ओळ तो दोरा पकडते. 'ज'ची ओळ संस्कृतातल्या 'यद्'पासून आली, 'त'ची 'तद्'पासून, आणि या दोघांचा संबंध नित्य आहे हे संस्कृताच्या पंडितांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. 'ज' उच्चारला की ऐकणारा 'त'ची वाट पाहू लागतो. 'ज्याच्या हाती ससा' एवढे म्हणून कोणी थांबला तर वाक्य अडखळते. 'तो पारधी' आल्यावरच ते पुरे होते. ही जोडी इतकी पक्की आहे की एका वाक्यात दोन जोड्याही न गुंतता राहतात. पंगतीत किंवा बुफेच्या टेबलाशी यजमान सहज म्हणतो, "ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं." यात दोन दोरे सुटले आणि दोन्ही पकडले गेले. इंग्रजीत याला जागाच नाही. तिथे 'एव्हरीवन शुड टेक व्हॉट दे वॉन्ट' अशी वेगळीच वाट धरावी लागते.

इंग्रजीत तीन ओळी नाहीत, दोनच आहेत. 'व्हेअर'समोर 'देअर', 'व्हेन'समोर 'देन', 'व्हॉट'समोर 'दॅट'. प्रश्न विचारायला आणि संबंध जोडायला एकच ओळ वापरली जाते. हे मुळापासून असे नव्हते. जुन्या इंग्रजीत 'हू' आणि 'विच' यांचे पूर्वज प्रश्नार्थकच होते. संबंध दाखवायला तिथे वेगळे शब्द होते. मधल्या काळात प्रश्नाचे शब्द हळूहळू संबंधाच्या कामावर आले. त्यामुळे 'हू' म्हणजे 'कोण' की 'जो' हे त्या शब्दाकडे पाहून कळत नाही, तो कुठे बसला आहे ते पाहूनच कळते. माझा सगळा युक्तिवाद या एका फरकापाशी येतो. मराठी संबंध दाखवते तो शब्दांच्या जोडीने, इंग्रजी दाखवते तो जागेने. मराठीत दोन टोकांना दोन खुणा असल्यामुळे मधला मजकूर कितीही हलवता येतो; इंग्रजीत खूण एकच, कधी तीही नाही, म्हणून नाम आणि त्याचे वर्णन करणारे वाक्य एकमेकांना चिकटून, ठरलेल्या क्रमानेच बसावे लागते. नाम आधी, वर्णन लगेच मागे.

हे धरून चालले की वहीतल्या चुका एकेक करून उलगडू लागतात. 'विच बुक यू गेव्ह मी, दॅट आय रेड' हे वाक्य ऐकून इंग्रज गोंधळेल, पण ते 'जे पुस्तक तू मला दिलंस ते मी वाचलं' याचे शब्दशः प्रामाणिक रूप आहे. 'द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय कझिन' यातला जास्तीचा 'ही' म्हणजे 'तो' आहे. 'जो' येऊन गेल्यावर 'तो' न म्हणता वाक्य पुढे नेणे मराठी मनाला अर्धवट वाटते. 'दॅट यू सेड इज राइट' यात 'तू म्हणालास ते बरोबर आहे' मधले 'ते' उभे आहे. इंग्रजीत तिथे 'ते' आणि 'जे' दोघांचे काम करणारा 'व्हॉट' लागतो. आणि 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल' ही चूक तर सर्वांत बोलकी आहे. मराठीत 'काल आले ते माझे काका' म्हणता येते, 'जे' गाळून. इंग्रजीतही 'द मँगो यू ब्रॉट वॉज स्वीट' म्हणताना 'दॅट' गाळता येतो. मग 'द मॅन केम'मध्ये का चालत नाही? नियमाच्या पुस्तकात उत्तर असते की कर्त्याच्या जागी असलेला 'हू' गाळता येत नाही. हा नियम पाठ करून उपयोग थोडा, कारण कळले तर तो पाठ करावाच लागत नाही. 'द मँगो'च्या पुढे लगेच 'यू' आला, म्हणजे नाम आणि सर्वनाम शेजारी शेजारी आले, आणि मध्ये 'अँड' नाही. एवढ्यावरून ऐकणारा समजतो की इथे दुसरे वाक्य सुरू झाले. 'द मॅन'च्या पुढे मात्र 'केम' आले की ऐकणारा तेच मुख्य क्रियापद धरतो आणि वाक्य संपवून मोकळा होतो. पुढे 'इज' आला की तो ठेचकाळतो. मराठीत ही भीती नाही, कारण 'काल आले' नंतर 'ते' येऊन दोरा पकडतो.

ही ठेच इंग्रजांनाही लागते. अमेरिकेतल्या थॉमस बेव्हर यांनी १९७० साली एका घोड्याचे वाक्य दिले, 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल', ते भाषाशास्त्राच्या वर्गात आजही सांगतात. कोठारावरून पळवत नेलेला घोडा पडला, इतकाच त्याचा अर्थ. पण 'पळवलेला' आणि 'पळाला' या दोघांसाठी इंग्रजीत एकच रूप असल्यामुळे वाचणारा शेवटच्या शब्दापाशी येऊन बुचकळ्यात पडतो. मराठीत 'पळवलेला' मधला 'लेला' आधीच सांगून टाकतो की हे वर्णन आहे, मुख्य क्रिया पुढे आहे. जिथे मराठी प्रत्ययाने बोलते तिथे इंग्रजीला क्रमावर विसंबावे लागते, आणि क्रम फसवा निघाला की त्यांचे स्वतःचे वाचकही चकतात.

आता खुर्चीकडे परत. 'मी बसलो ती खुर्ची' यात 'वर' कुठे आहे? कुठेच नाही. 'आम्ही आलो ती बस' यात 'ने' नाही. 'मी राहतो ती खोली' यात 'त' नाही. पूर्ण जोडी वापरली तर 'ज्या खुर्चीवर मी बसलो ती' असे म्हणावे लागेल, तिथे 'वर' हजर होतो. पण 'ज्या' गळला की त्याच्या अंगावरचा 'वर'ही त्याच्याबरोबर जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही. खुर्ची आणि बसणे यांत दुसरा काय संबंध असणार? धातुसाधिताच्या तऱ्हेत हे आणखी पुढे जाते. 'पाय मोडलेली खुर्ची', 'सायकल चोरीला गेलेला मुलगा', 'रंग उडालेली भिंत'. खुर्ची मोडलेली नाही, पाय मोडला आहे. मुलगा चोरीला गेलेला नाही, सायकल गेली आहे. तरी कोणाचा गोंधळ होत नाही. पायाचा खुर्चीशी, सायकलीचा मुलाशी असलेला 'चा-ची-चे' संबंध मराठी सांगतच नाही, जगाच्या ज्ञानावर सोडून देते. इंग्रजी तसे सोडत नाही. तिथे 'हूज बायसिकल वॉज स्टोलन' म्हणून 'चा' दाखवावाच लागतो, आणि 'आय सॅट ऑन' म्हणून 'वर' दाखवावाच लागतो. नाम पुढे निघून गेले तरी त्याचा 'वर' मागे, मूळ जागेवर, एकटा लटकत राहतो. त्या लटकत्या 'ऑन'मुळेच कळते की खुर्चीची जागा या वाक्यात कुठे होती. 'द हाउस आय लिव्ह इन', 'द बस वी केम ऑन', 'द पीपल आय वर्क विथ' या सगळ्यांत शेवटचा छोटा शब्द हीच रिकाम्या जागेची खूण आहे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये असा जो धाक काही जुन्या पुस्तकांनी घातला, तो मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत विशेष नुकसानीचा ठरला आहे असे मला वाटते, कारण जो शब्द त्याच्या हातून आपोआप गळतो तोच टाळावा असे त्याला सांगितले गेले.

एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी १९७७ साली जगातल्या अनेक भाषा तपासून दाखवले की विशेषणवाक्ये करणे सगळ्या जागांवरून सारखे सोपे नसते. कर्त्यावरून सर्वांत सोपे, मग कर्म, मग 'ला', 'वर', 'ने' अशा जागा, आणि 'चा'ची जागा त्याहून अवघड. मराठी विद्यार्थ्याच्या चुका याच उतरंडीने वाढतात असे दिसले तर नवल नाही. 'द फाइल यू सेंट' लवकर जमते, 'द चेअर आय सॅट ऑन' उशिरा, आणि 'हूज' बहुतेकांच्या बोलण्यात शेवटपर्यंत येत नाही. शिकवण्याचा क्रम यावरून ठरवता येतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बोलण्यातली मराठी 'जो-तो'वर चालतच नाही, ती 'लेला' आणि 'णारा'वर चालते. मग जोडीला एवढे महत्त्व का द्यावे? 'जो मुलगा काल आला होता तो' यापेक्षा 'काल आलेला मुलगा' हेच आपण जास्त वेळा म्हणतो, हे खरे आहे. नामाच्या आधी क्रियेचे विशेषण ठेवण्याची ही सवय आपल्याला आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या जवळ नेते. कानडीत 'निन्ने बंद हुडुग' म्हणजे शब्दाला शब्द 'काल आलेला मुलगा'. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कानडी, उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवले की तिथल्या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की शब्द बदलत गेले की वाक्य तयार होते. हे मान्य करूनही माझे म्हणणे ढळत नाही. धातुसाधिताची तऱ्हासुद्धा इंग्रजीच्या उलटच आहे : वर्णन आधी, नाम शेवटी. जोडीत वर्णन आधी, गळलेल्या जोडीत वर्णन आधी, धातुसाधितात वर्णन आधी. तिन्ही वाटांनी मराठी माणूस आधी सगळे सांगतो आणि मग वस्तूचे नाव घेतो किंवा 'तो' म्हणून तिच्यापाशी येतो. इंग्रजीत त्याला आधी नाव घेऊन मग सांगायचे आहे. अडचण शब्दांची नसून ही दिशा बदलण्याची आहे, आणि दिशा बदलायची तर आपण कोणत्या दिशेने चालत होतो हे आधी माहीत हवे.

दुसरी एक जागा जिथे दोन भाषा निराळ्या वाटेने जातात ती स्वल्पविरामाची. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झाले. कँडी त्या पाठशाळेचे काम पाहत होते आणि मोल्सवर्थ यांच्याबरोबर कोशाचे कामही करत होते. त्यांच्यामुळे स्वल्पविराम मराठीत आला, पण त्याचे इंग्रजीतले एक काम मराठीत आले नाही. 'द डॅम विच बर्स्ट इन १९६१' यात स्वल्पविराम नाही, म्हणजे अनेक धरणांतले नेमके कोणते ते सांगितले आहे. 'पानशेत डॅम, विच बर्स्ट इन १९६१, वॉज रीबिल्ट' यात दोन स्वल्पविराम आहेत, म्हणजे धरण कोणते ते आधीच ठरले, फुटल्याची गोष्ट जाता जाता सांगितली. बोलताना इंग्रज तिथे किंचित थांबतो. मराठीत हे काम चिन्ह करत नाही, रचना करते. मुठा नदीबद्दल 'जी मुठा पुण्यातून वाहते ती संगमाशी मुळेला मिळते' असे म्हटले तर दुसरीही एखादी मुठा असावी असे वाटू लागते, कारण जोडी नेहमी अनेकांतून एक निवडते. म्हणून आपण 'पुण्यातून वाहणारी मुठा' म्हणतो. शब्दांचा क्रमही अर्थ बदलतो : 'माझा साताऱ्याला राहणारा भाऊ' म्हटले की दुसरे भाऊ आहेत असे ऐकू येते, 'साताऱ्याला राहणारा माझा भाऊ' म्हटले की एकच असू शकतो. हे बारकावे मराठी माणूस न शिकता पाळतो. ते त्याला स्वतःचे स्वतःला दिसले, तर इंग्रजीतला स्वल्पविराम अनाकलनीय राहणार नाही. 'दॅट' आणि 'विच' यांची वाटणी करावी असे हेन्री फाउलर यांनी १९२६ साली सुचवले, आणि संगणकावरचे व्याकरण तपासनीस अजून त्यावरून निळ्या रेघा मारतात. पण इंग्रज लेखकांनी ती वाटणी कधी काटेकोर पाळली नाही, तेव्हा तिच्यात फार वेळ घालवू नये.

उलट दिशेने होणारी हानी मला जास्त बोचते. 'पानशेतचे धरण, जे की १९६१ साली फुटले होते, ते पुन्हा बांधण्यात आले.' अशी वाक्ये बातम्यांत, जाहिरातींत, शाळेच्या निबंधांत सर्रास दिसतात. 'तो उशिरा आला, जे मला आवडलं नाही' हेही आता तरुण तोंडी ऐकू येते. ही 'विच'ची नक्कल आहे. मराठीतला 'जो' वाक्याच्या तोंडाशी येऊन पुढे 'तो'ला बोलावतो. इथे तो नामाच्या शेपटीला टाचला जातो आणि दोरा पकडायला कोणी उरत नाही. '१९६१ साली फुटलेले पानशेतचे धरण पुन्हा बांधण्यात आले' आणि 'तो उशिरा आला, हे मला आवडलं नाही' ही वाक्ये लहान आहेत, स्वच्छ आहेत, आणि आपली आहेत. भाषा बदलतच असते, हे उत्तर मला ठाऊक आहे. फारसीचे, कानडीचे, पोर्तुगीजांचे कितीतरी मराठीने घेतले आणि ती समृद्ध झाली. पण 'जे की'ने मराठीला नवे काही दिले नाही. जे ती दोन शब्दांत म्हणत होती ते पाच शब्दांत म्हणायला लावले. आणि गंमत अशी नाही, दुःख असे आहे की ज्या विद्यार्थ्याची मराठी अशी झाली त्याचे इंग्रजीही त्यामुळे सुधारत नाही. दोन भाषांतल्या फरकाची जाण बोथट झाली की दोन्हीकडे तोच घोटाळा होतो.

इंग्रजी शिकवताना मराठी वर्गात आणूच नये, मूल थेट इंग्रजीत विचार करायला शिकले पाहिजे, हे मत बाळगणारा मोठा वर्ग आहे, आणि त्यात पुष्कळ चांगले शिक्षक आहेत. त्यांचा रोख भाषांतरपद्धतीच्या जुन्या सवयीवर असतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यात वाक्यामागून वाक्य उलटायचा सराव होता, बोलण्याचा नव्हता, हे खरे. पण त्या सरावाने एक गोष्ट साधली होती. दोन रचना समोरासमोर ठेवून पाहण्याची नजर त्यातून तयार होत असे. आज अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांचे ढीग असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत तयार वाक्यांच्या याद्या असतात. याद्यांना ती नजर देता येत नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. लहान वयात कान तयार होतो, ते चांगलेच आहे. पण पहिलीतल्या मुलाला मराठीचे व्याकरण आधीच येत असते, ते नको म्हटल्याने जात नाही. मराठी वर्गाबाहेर ठेवली तरी मुलाच्या डोक्यात ती असतेच आणि तिथून 'ऑन' गाळत राहते. ती उघडपणे टेबलावर मांडली तर निदान दिसते.

भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, मग अशा वाक्यांना चूक का म्हणायचे, असेही कोणी विचारील. मी 'चूक' हा शब्द जपून वापरतो. 'ही इज माय कझिन ब्रदर'सारखे प्रयोग देशभर समजले जातात, ते आपले आहेत, त्यांच्यावर लाल रेघ मारायचे कारण नाही. 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल' हे वाक्य मात्र चेन्नईच्या किंवा गुवाहाटीच्या माणसालाही अडखळवते. जिथे ऐकणारा अडखळतो तिथे दुरुस्ती हवी, मग बोली कोणतीही असो.

एक शेवटची अडचण परिभाषेची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्या चौकटीची कसून छाननी केली, तरी मुख्य वाक्य, गौण वाक्य, मिश्र वाक्य ही विभागणी शाळेत टिकली. 'जो आला तो गेला' यात कोणते वाक्य गौण? दोघेही एकमेकांवाचून अपुरे आहेत. गौण-मुख्य ही भाषा इंग्रजीच्या रचनेला नीट बसते, मराठीच्या जोडीला ती तोकडी पडते. म्हणून या पानांत ते शब्द कमीत कमी आले आहेत. मी 'दोरा सोडणे' आणि 'दोरा पकडणे' असे साधे शब्द वापरतो, आणि इंग्रजीसाठी 'रिकामी जागा'.

आपली मराठी आधी दिसली पाहिजे, याच कारणाने पहिला पाठ 'हू' आणि 'विच'पासून सुरू होत नाही. तो तीन मराठी वाक्यांपासून सुरू होतो : मी बसलो ती खुर्ची, मी राहतो ती खोली, आम्ही आलो ती बस. प्रत्येकासमोर एकच प्रश्न आहे. यातला 'वर', 'त' किंवा 'ने' कुठे गेला? विद्यार्थ्याने तो आधी मराठीत शोधून 'ज्या खुर्चीवर', 'ज्या खोलीत', 'ज्या बसने' असा परत आणावा, मग नाम उचलून वाक्याच्या तोंडाशी न्यावे, आणि तो लहानसा शब्द मात्र जिथे होता तिथेच ठेवावा.